रेडिओवर कसे यावे: ज्येष्ठ गिटारवादकांसाठी प्राथमिक धडे

हा अभ्यासक्रम नवशिक्यांसाठी असला तरी प्रवेशाची अट कडक आहे. अर्जदाराने किमान तीस वर्षे रॉक वाजवलेला असावा, लोकांनी त्याला नमस्कार करायला सुरुवात केलेली असावी आणि त्याचे अल्बम विकत घेणे मात्र थांबवलेले असावे. ही तिसरी अट पूर्ण होत नसेल तर तुम्हाला या धड्यांची गरजच नाही, घरी जा.

नमुन्यादाखल आपण कार्लोस सँटाना यांना घेऊ. १९४७ साली मेक्सिकोत जन्म. वडील मारियाची संगीतातले व्हायोलिनवादक. पोरगा तिहुआनाच्या क्लबांतून गिटार वाजवत सॅन फ्रान्सिस्कोला पोचला, आणि १९६९च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला पहिला अल्बम दुकानात यायच्या आधीच लाखोंच्या गर्दीसमोर वाजवून मोकळा झाला.

पायरी पहिली: आधी रेडिओशी नीट भांडून घ्या. भांडलाच नाहीत तर परत आल्याचे कौतुक कोण करणार? सँटानांनी हे काम चोख केले. १९७०चा ‘अब्राक्सस’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, त्यातले ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ चौथ्या क्रमांकावर, सगळे छान चाललेले. अशा वेळी १९७२ मध्ये त्यांनी ‘कॅराव्हॅन्सराय’ काढला. सुरुवातीला रातकिड्यांचा आवाज, मग सॅक्सोफोन, आणि पुढे बराचसा अल्बम शब्दांविना. कोलंबिया कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी हा धंद्याचा आत्मघात आहे असे बजावले. हे नाव लक्षात ठेवा, परीक्षेला येते.

याच सुमारास एखादा गुरू करावा. सँटानांनी थेट आपल्याकडचा केला: चितगावचे, पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात घडलेले आणि न्यूयॉर्कला स्थिरावलेले श्री चिन्मय. त्यांनी शिष्याचे नाव ‘देवदीप’ ठेवले. केस कापले गेले, कपडे पांढरे झाले, आणि गुरुबंधू जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत १९७३ मध्ये एक अल्बम निघाला, त्यात जॅझवाले जॉन कोल्ट्रेन यांच्या रचना. कोणत्याही रेडिओ स्टेशनने दार बंद करावे इतका तो अल्बम सुंदर आहे.

पायरी दुसरी: वाट पाहा. १९८२ नंतर सतरा वर्षे अमेरिकेच्या टॉप-२० मध्ये तुमचे गाणे नसेल. या पायरीत शिकण्यासारखे काही नाही.

पायरी तिसरी ऐच्छिक आहे: देवदूताला भेटणे. ध्यानात मेटाट्रॉन नावाचा देवदूत आपल्याशी बोलतो आणि तू पुन्हा रेडिओच्या लहरींत पोचशील असे त्याने सांगितले, ही हकिकत सँटानांनी स्वतः मुलाखतीत दिली आहे. हसू नका. कोणताही मार्केटिंगवाला यापेक्षा नेमका निरोप देत नाही.

निरोप मिळाला की पुन्हा त्या डेव्हिसकडेच जा. आता ते अरिस्टा या कंपनीचे प्रमुख होते. १९९९च्या ‘सुपरनॅचरल’ या अल्बमसाठी मग पाहुण्यांची रांग लागली: लॉरिन हिल, डेव्ह मॅथ्यूज, एव्हरलास्ट, वायक्लेफ जाँ, मेक्सिकोचा ‘माना’ बँड, शिवाय एरिक क्लॅप्टन. ‘स्मूथ’ हे गाणे इताल शूर आणि रॉब थॉमस यांनी लिहिले. थॉमस यांनी ते दुसऱ्या कुणीतरी गावे म्हणून नमुन्यापुरते गायले होते. सँटानांनी तो नमुना ऐकला आणि याच पोराला गाऊ द्या म्हणाले. धडा असा की यजमानाने स्वतःच्या घरी पाहुण्यासारखे वागायला शिकावे.

आता खरे तंत्र. गिटारचा आवाज बदलू नका. कुणी सांगितले तरी बदलू नका. तो लांब ताणलेला, जरा रडवेला, गळ्यातून निघाल्यासारखा सूर एका स्वरात ओळखू आला पाहिजे, कारण रेडिओवर तुमच्या वाट्याला कधीकधी एकच स्वर येतो. ‘स्मूथ’ लक्ष देऊन ऐका. ढोलाचा एक तडाखा, लगेच गिटार, म्हणजे दुकानाची पाटी लागली. मग गायक पुढे येतो. तो ओळ संपवून श्वास घेतो, तेवढ्यात तुम्ही दोन-चार स्वरांत बोलून घ्यायचे आणि गप्प बसायचे. मधला सोलो आवरता घ्यायचा. शेवटी गाणे विरत जाते तिथे मात्र मनसोक्त वाजवा; तोवर निवेदकाने हवामान सांगायला सुरुवात केलेली असते.

जुने चाहते भेटतील आणि ‘विकले गेलात’ म्हणतील. वाद घालू नका, जुन्या तबकड्या काढून दाखवा. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ पीटर ग्रीनचे, ‘ओये कोमो वा’ टिटो पुएन्तेचे चा-चा-चा, ‘ईव्हिल वेज’ही दुसऱ्याचेच, आणि ही सगळी गायली बँडमधल्या ग्रेग रोली यांनी. परके गाणे, परका गळा, खाली काँगा आणि टिंबालेसचा ताल, मधल्या फटींत गिटार. ‘स्मूथ’चा चा-चा-चा ऐकून जे दचकले त्यांनी १९७० नीट ऐकलेच नव्हते. वाट सोडली होती ती रातकिड्यांच्या वेळी, आणि माझे मत विचाराल तर तेव्हाच ते सर्वांत चांगले वाजवत होते. (ते रोली आणि बँडमधला तरुण गिटारवादक नील शॉन यांनी बाहेर पडून १९७३ मध्ये ‘जर्नी’ हा बँड काढला, स्टीव्ह पेरी यांना गायला घेतले आणि हा अभ्यासक्रम धन्याच्या कितीतरी आधी पुरा केला.)

निकाल: ‘स्मूथ’ बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर, त्याच अल्बममधले ‘मारिया मारिया’ दहा; अल्बमला अमेरिकेत पंधरा पट प्लॅटिनम; २००० साली बावन्नाव्या वर्षी एका रात्रीत आठ ग्रॅमी, मायकेल जॅक्सनच्या विक्रमाशी बरोबरी.

यश आले की तोच प्रयोग पुन्हा करू नका. तुम्ही करणारच. २००२च्या ‘शामन’मध्ये मिशेल ब्रँच यांचे ‘द गेम ऑफ लव्ह’ पाचव्या क्रमांकापर्यंत गेले, २००५ मध्ये पुन्हा पाहुणे आले, २०१०ला तर इतरांच्या गाजलेल्या रॉक गाण्यांवर पाहुणे बसवले गेले. प्रत्येक वेळी गिटार तीच, फट मात्र अरुंद होत गेली.

२०१६ मध्ये रोली, शॉन आणि जुनी मंडळी जमवून ‘सँटाना फोर’ निघाला. तो या अभ्यासक्रमाला लावलेला नाही. सोलो फार लांब आहेत, त्यामुळे रिकामी संध्याकाळ असेल तेव्हाच ऐका.