दाढेला घातलेली टोपी

इंग्रजीत जिला मुकुट म्हणतात तिला मराठी माणूस कॅप म्हणतो, आणि इथे इंग्रजांपेक्षा आपल्याला वस्तू जास्त कळली आहे. मुकुट चढवतात राज्य करण्यासाठी; कॅप बसवतात दाढ दुभंगू नये म्हणून. म्हणजे तिची जात हेल्मेटची. (पुण्यात तिच्याबद्दल कुरकुर होते ती कदाचित यामुळेच.) किडीने दाढ आधीच पोखरलेली असते, रूट कॅनालसाठी ती वरून आणखी कोरतात आणि आतली नस काढतात. उरतात पातळ भिंती. चावताना त्यांवर पाचर ठोकल्यासारखा दाब येतो आणि एखाद्या दिवशी, तेही वरणभातातल्या खड्यावर, दाढ उभी चिरते. चीर मुळात उतरली की बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. कॅप या भिंतींना चहूबाजूंनी आवळून धरते, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव धरते तशी. ‘आता दुखतच नाही, मग कॅप कशाला? डॉक्टर टोपी घालतायत,’ असं म्हणणाऱ्यांनी इतकंच पाहावं की, दुखणं थांबलं ते नस गेली म्हणून. वाड्यातला एकमेव तक्रारखोर भाडेकरू सोडून गेला, तर छप्पर गळायचं थांबत नाही.

खरा घोटाळा मात्र कॅप बसल्यावर सुरू होतो, आणि त्याला जबाबदार आहे तिचा रुबाब. झिर्कोनियाची कॅप म्हणजे अंगठीतल्या अमेरिकन डायमंडची सख्खी चुलत बहीण. शिवाय सोबत दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड. मग मालक रोज आरशात तिचा माथा घासघासून चमकवतो. माथ्याला काय धाड भरली आहे? धातू असो, सिरॅमिक असो, झिर्कोनिया असो, कॅप किडत नाही. किडते ती खालची दाढ, आणि वॉरंटी कार्ड टोपीचं असतं, डोक्याचं नसतं. कॅपची कड हिरडीपाशी संपते, तिथे अन्नाचा थर साचतो. हिरडी मागे सरकली की मूळ उघडं पडतं. त्यावर एनॅमल नाही, त्यामुळे कीड तिथे आरामात बिऱ्हाड करते. नस नसलेली दाढ ठणकत नाही, आणि धातूच्या कॅपच्या आत काय चाललंय ते एक्स-रेलाही दिसत नाही. कडेपाशी काय दिसेल तेवढंच. म्हणून सगळी मशागत कडेची हवी. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरायचा आणि दोन दातांमधून रोज फ्लॉसचा दोरा फिरवायचा. या कामी आपल्याकडे सेफ्टी पिन, उदबत्तीची काडी आणि बसचं तिकीट ही परंपरागत शस्त्रं निघतात. त्यांतली पिन तर हिरडीलाच भोसकते. दात कोरून पोट भरत नाही हे खरं, पण न कोरल्याने दंतवैद्याचं भरतं.

‘आमचे आजोबा कुठे कॅप घालत होते? ऐंशीव्या वर्षी ऊस सोलायचे!’ हा आक्षेप प्रत्येक घरात तयार असतो. ऊस सोलणारे आजोबा लक्षात राहतात. रात्री पेल्यात कवळी बुडवून झोपणारे शेजारचे आजोबा पुराव्यात कुणी घेत नाही. त्या काळी दुखरी दाढ काढून टाकत, त्यामुळे कॅपचा प्रश्नच मिटे. एक मात्र कबूल: कॅप काही अमर नाही. रात्री झोपेत दात खाणाऱ्याने नाइट गार्ड घालावा, नाहीतर दिवसा ज्यांच्यावर दात खाता आले नाहीत त्यांचा हिशोब बिचाऱ्या सिरॅमिकवर चुकता होतो आणि त्याचा टवका उडतो. तात्पुरत्या कॅपवर असताना चिक्की तर लोणावळ्यातच ठेवावी, ती कॅपसकट बाहेर येते. राहिली सुपारी. ती फोडायला आपल्या पूर्वजांनी मोरांच्या नक्षीचे पितळी अडकित्ते घडवले. ते आता शोकेसमध्ये मांडलेले असतात, आणि सुपारी दाढेखाली.