घरातल्या घरात

आप्पांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन प्रश्न विचारले जातात. चहात साखर किती, आणि फोन अँड्रॉइड आहे का. दुसऱ्याला 'हो' म्हटलं की पहिल्याचं उत्तर ऐकायला आप्पा थांबत नाहीत.

तळोजा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, त्यांची हयात गेली. तिन्ही पाळ्या केल्या, ट्रान्समीटर कॅलिब्रेट केले, कंट्रोल रूममध्ये बसून लॉगशीटं भरली. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात नाहीतर सोसायटीच्या कमिटीला. आप्पा कमिटीवर गेले आणि पार्किंगवरून भांडून परत आले. मग मुलीनं नवा फोन घेऊन दिला आणि उरलेल्या आयुष्याचं कार्य सापडलं. फोनमधला फोटो टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये न्यायचा, पण त्यानं घराचा उंबरठा ओलांडता कामा नये.

या हट्टाचं मूळ 1 जून 2021 या तारखेत आहे. त्या दिवसापासून गूगल फोटोजनं फुकटची अमर्याद साठवण थांबवली आणि नवे फोटो 15 जीबीच्या हिशेबात धरायला सुरुवात केली. तुम्ही-आम्ही महिन्याचे पैसे भरले, नाहीतर जुने फोटो उडवले. जागा भरल्याचा निरोप आप्पांच्या फोनवर आला तो त्यांनी उभं राहून, चष्मा लावून वाचला. मग म्हणाले, ''मेथी माझी, कुंडी माझी, फोन माझा. आणि भाडं ह्यांना?''

तेव्हापासून घरात क्लाउडचं नाव काढायची सोय नाही. ''हा फोन. हा लॅपटॉप. मध्ये वीतभर अंतर. तेवढ्यासाठी फोटो परदेशात जाऊन येणार? तळोज्याहून खारघरला कोणी व्हाया नागपूर जातं का?''

परदेशच कशाला, असं मी एकदा सुचवून पाहिलं. अ‍ॅमेझॉननं 2016 मध्येच मुंबईत क्लाउडचं केंद्र काढलंय, योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर 2020 पासून आपल्या पनवेललाच आहे. आप्पांनी माझ्याकडे नव्या ट्रेनीकडे बघतात तसं बघितलं.

''पनवेलला असू दे नाहीतर पाताळात. व्हॉल्व्ह कुणाच्या हातात, ते बोला.''

लोकांना वाटतं आप्पा गुप्ततेसाठी हे करतात. पण लपवण्यासारखं त्यांच्यापाशी आहे काय? लाइटच्या मीटरचे फोटो, गॅलरीतल्या कुंड्या, मेडिकलची बिलं, आणि लेकीच्या बाळाचे झोपलेले, जागे आणि मधल्या अवस्थेतले असंख्य फोटो. यातलं काहीही ते जिन्यात भेटणाऱ्या कुणालाही आपण होऊन दाखवतात. त्यांना फक्त माल इकडून निघाला आणि तिकडे पोचला, हे डोळ्यांनी बघायचं असतं.

ते सुख त्यांना सिंकथिंग नावाच्या सॉफ्टवेअरनं दिलं. फुकट, कोड सगळ्यांना उघडा, 2013 पासून चालत आलेलं. मध्ये कुणाचा साठवणीचा सर्व्हर नाही. दोन यंत्रं एकमेकांना ओळखतात, दोन्हीकडून मंजुरी मिळाली की कुलूपबंद अवस्थेत फायली देतात-घेतात. एरवी ती इंटरनेटवरूनही एकमेकांना गाठू शकतात; पण ग्लोबल डिस्कव्हरी आणि रिले हे दोन्ही पर्याय आप्पांनी पहिल्याच दिवशी बंद केले. जे काय असेल ते घरच्या वायफायवर.

प्रत्येक यंत्राला ओळख क्रमांक असतो : सात-सात अक्षरांचे आठ गट. क्यूआर कोड दाखवला की काम होतं, पण आप्पांचा त्यावर विश्वास नाही. लॅपटॉपचा क्रमांक त्यांनी छापून, लॅमिनेट करून, फ्रिजच्या बाजूला दुधाच्या हिशेबाशेजारी टांगलाय. नवा फोन जोडायचा म्हणजे एकानं तो वाचायचा आणि दुसऱ्यानं स्क्रीनवर टाइप करून मोठ्यानं परत म्हणायचा. पाचव्या गटाशी काकूंनी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून.

रस्ता खोदताना केबल तुटून नेट गेलं की आख्खा मजला बाहेर येऊन कंपनीच्या नावानं शंख करतो. आप्पांना त्या दिवशी सणाचा आनंद. लाइटही गेली तर अडायला नको म्हणून राउटरला त्यांनी छोटा यूपीएस लावून ठेवलाय. दार सताड उघडं टाकून ते लॅपटॉप बाहेरच्यांना दिसेल असा फिरवतात. ''नेट नाही ना? आमचं बघा, चालू आहे.'' डिसेंबर 2024 मध्ये अँड्रॉइडवरचं मूळ अ‍ॅप बंद झालं, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच कोडवरून दुसऱ्यांनी काढलेली 'फोर्क' आवृत्ती टाकली आणि चेहरा पूर्वपदावर आला.

या पद्धतीतली मेख आप्पा स्वतःच सांगतात. हा बॅकअप नव्हे. इकडे पुसलं की तिकडचंही पुसलं जातं. म्हणून लॅपटॉपवर त्यांनी व्हर्जनिंग लावलंय. फोनवर उडवलेली फाइल तिथं एका आडबाजूच्या फोल्डरात जाऊन पडते. एवढं सांगून कोणीही थांबला असता. पण कारखान्यात वाढलेला माणूस. मॉक ड्रिलशिवाय त्याला चैन कुठलं!

बाळाच्या बारशाला आलेला भाचा मुक्कामाला राहिला होता. ''आता बघ,'' म्हणून आप्पांनी फोनवरचं बारशाचं आख्खं फोल्डर निवडलं आणि डिलीट दाबलं. लॅपटॉपवरचा पाळणा गेला, आत्याबाई गेल्या, घुगऱ्या गेल्या. पडदा पांढराफटक. मुलगी बाळाला घेऊन जागच्या जागी उभी. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. आप्पा एक हात वर करून मनगटावरचं घड्याळ बघत होते. मग सावकाश खुर्चीत बसले, 'व्हर्जन्स'वर गेले, 'रिस्टोअर' दाबलं. पाळणा आला. आत्याबाई आल्या.

''तीन मिनिटं,'' आप्पा म्हणाले. ''मागच्या वेळी चार लागली होती.''

''मागच्या वेळी?'' मुलगी म्हणाली.

भाच्यानं तेवढ्यात बॅग उचलली. त्याला पेंधरहून मेट्रो पकडायची होती. पण त्याच्या फोनमध्ये बारशाचे फोटो उतरत होते, आणि आप्पांचा नियम असा की घरचा माल घरच्या वायफायवरच भरायचा.

''अहो, मी मघाशीच पाठवलेत त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर,'' काकू आतून म्हणाल्या.

''ते दाबून बारीक केलेले!'' आप्पा ओरडले आणि भाच्याच्या मागोमाग दाराबाहेर आले. तोवर त्यानं लिफ्टचं बटण दाबलं होतं. ''लिफ्ट नको! लोखंडी डबा तो, रेंज तुटेल. जिन्यानं जा. आणि सावकाश उतर रे, अजून बारा राहिलेत!''