दलदलकर

सिएटलच्या मराठी मंडळात त्यांना खऱ्या आडनावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळे त्यांना दलदलकर म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात.

नोकरी वॉशिंग्टन राज्याच्या परिवहन खात्यात. रस्ता रुंद करताना एखादी पाणथळ जागा बुजली, तर १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यापोटी खात्याला दुसरीकडे पाणथळ उभी करून द्यावी लागते. नुसती उभी करून सुटका नाही. पुढे कित्येक वर्षं, बऱ्याचदा दहा, ती जगतेय हे मोजून दाखवावं लागतं. ती वर्षं दलदलकरांची.

लावणीच्या दिवशी माणसं लोटतात. फावडी, फोटो, डोनट! चौथ्या वर्षी तिथे गमबूट घालून, फूटपट्टी आणि तक्ता घेऊन एकटे दलदलकर वाकलेले असतात. देशी झुडपांनी किती टक्के जमीन झाकली, उपऱ्या तणाने किती. "लावायला शंभर, उपटायला मी," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मंडळाच्या गणपतीत विसर्जनानंतर खुर्च्या उचलायला थांबणाऱ्या तिघांतही ते असतातच, आणि तिथेही तेच वाक्य ऐकवतात.

त्यांच्या गाडीत बसणं हा एक अनुभव आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना माउंट रेनिअर दाखवायला निघतात आणि वाटेत हायवेवर एकदम वेग कमी करतात. "ते बघा, ते बघा!" पाहुणे अस्वल शोधतात. खाली लव्हाळी, चिखल आणि झाडांना घातलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या. "सहा वर्षांपूर्वी इथे नुसतं रीड कॅनरी गवत माजलं होतं. उपटून हरलो. मग विलोच्या काठ्या खोचल्या. आमची आजी परसात शेवग्याची फांदी खोचायची ना, तश्शा. विलोची सावली पडली आणि गवत आलं वठणीवर!" मागून सासूबाई हळूच विचारतात, "डोंगर किती लांब आहे अजून?"

सासूबाईंशी त्यांचं एकदाच वाजलं, ते ब्लॅकबेरीवरून. ऑगस्टमध्ये तिथे काटेरी जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. लोक तिला हिमालयन म्हणतात, म्हणून सासूबाईंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "हिमालयाचा काही संबंध नाही हो! मूळची आर्मेनियाकडची. १८८५च्या सुमारास ल्यूथर बरबँकने अमेरिकेत आणली, ती आजतागायत मी उपटतोय." शिवाय रस्त्याकडेच्या जाळ्यांवर औषध मारलेलं असतं, म्हणून तिथली फळं खायची नाहीत, अशी सक्त ताकीद. मग सासूबाईंनी शेजारणीच्या परसातली तोडून मुरंबा केला. दलदलकरांनी तो पोळीशी खाल्ला, दोनदा मागून घेतला, आणि शेजारणीला मुळं कशी खणायची ते सांगून आले.

माती तपासायचं मन्सेलचं पुस्तक त्यांच्या पिशवीत कायम असतं. पानोपानी रंगांच्या टिकल्या, प्रत्येकीजवळ भोक. भोकाखाली ओली माती धरायची आणि रंग जुळवायचा. जमीन बराच काळ पाण्याखाली राहिली की करडी पडते, आणि करड्या रंगावर दलदलकर लुब्ध. वहिनींनी हौसेने घेतलेल्या राखी रंगाच्या साडीचा पदर त्यांनी एका भोकाखाली धरला आणि ओरडले, "क्रोमा दोन! अस्सल पाणथळ!" ती साडी वहिनींनी पुन्हा नेसलेली कुणी पाहिली नाही.

बीव्हरशी मात्र त्यांचं नातं गुंतागुंतीचं. हा प्राणी त्यांनी जगवलेली झाडं रात्रीत कुरतडतो आणि रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी बांध घालतो. रस्ते दुरुस्तीवाल्यांचा संतापून फोन येतो. दलदलकर जाळ्यांची भेंडोळी घेऊन झाडांच्या बुंध्यांना गुंडाळायला धावतात, पण बीव्हरला नावं ठेवू देत नाहीत. "पाणी अडवायला आपण सल्लागाराला पैसे मोजतो. हा फुकट अडवतो. फक्त नकाशा बघत नाही, एवढंच!"

मुंबईला आले तेव्हा भाच्याने कौतुकाने अटल सेतूवर नेलं. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, २०२४ साली खुला झालेला. दलदलकर मान वाकडी करून शिवडीच्या खाजणाकडे बघत बसले. ओहोटी कधी, रोहित पक्षी किती, तिवरं कुणी लावली, लावल्यावर मोजतं कोण? भाचा वैतागला. "मामा, पूल बघा ना, पूल!" "पुलाकडे बघायला सगळे आहेत रे."

मध्यंतरी त्यांची एक जुनी जागा दहा वर्षांच्या परीक्षेत उतरली. सगळे टक्के जुळले, तपासनिसांच्या सह्या झाल्या, फाइल बंद. वहिनींनी श्रीखंड केलं. दलदलकरांचे डोळे भरून आले. "लेकीच्या पाठवणीला एवढे रडले नव्हते," वहिनी म्हणाल्या.

आणि रविवारी सकाळी बघतात तर स्वारी गमबूट चढवून दारात उभी.

"अहो, फाइल बंद झाली ना?"

"फाइल झाली. पण ब्लॅकबेरीला कुणी कळवलंय?"