धडधाकट त्यांचे, आजारी सरकारचे

सरकारी आणि खाजगी आरोग्य विम्याची सांगड घालायचा विषय निघाला, की चर्चा थेट ‘किती लाखांचं कवच’ इथं येऊन थांबते. माझ्या मते तो आकडा नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की कंपनीला माणूस नाकारता येतो का? येत असेल तर ती सांगड नव्हे, वाटणी आहे. धडधाकट माणूस कंपनीकडं जातो आणि आजारी सरकारच्या गळ्यात पडतो.

आपल्याकडं नेमकं हेच चाललंय. नोकरीतली पंचवीस-तीस वर्षं, म्हणजे शरीर साथ देतं तोवर, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता विमा कंपनीला मिळतो. माणूस निवृत्त होतो आणि तो विमा बहुतेकदा तिथंच संपतो. पुढं सत्तरी ओलांडली, की २०२४ पासून उत्पन्न न विचारता आयुष्मान भारत त्याला घेतं. घ्यायलाच हवं. पण तरुणपणी भरलेल्या हप्त्यांतला एक रुपया तरी त्याच्याबरोबर आला का?

नेदरलँड्समध्येही असेच दोन कप्पे होते. ठरावीक उत्पन्नाखालच्यांना, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश लोकांना, सक्तीचा आजारनिधी आणि वरच्यांना खाजगी विमा. तिथल्या सरकारनं नेमलेल्या डेकर समितीनं हे कप्पे मोडायची शिफारस १९८७ मध्ये केली; कायदा लागू झाला २००६ मध्ये. विमा कंपन्या खाजगीच राहिल्या, पण मूलभूत विमा मागणाऱ्या कोणालाही नकार द्यायचा अधिकार गेला. एका पॉलिसीला एकच हप्ता, मग समोर मधुमेही असो की पंचविशीतला खेळाडू. अठराखालच्या मुलांना हप्ता नाही, कमी उत्पन्नवाल्यांना सरकारी भत्ता.

खरी हुशारी याच्या पुढं आहे. लोकांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वसूल केलेली रक्कम एका मध्यवर्ती निधीत जमते आणि ज्या कंपनीकडं वृद्ध व जुनाट आजारांचे विमाधारक जास्त, तिला त्यातून जास्त वाटा मिळतो. त्यामुळं आजारी माणूस कंपनीला नकोसा होत नाही. तिथंही सगळं गोड नाही. प्रौढांना वर्षाचे पहिले काही शे युरो स्वतः भरावे लागतात आणि ते गरिबाला टोचतात. आपण ते उचलू नये.

मेडिक्लेमचे आपले नियम सुधारले आहेत, हे मान्य. २०२४ मध्ये पासष्टीची अट गेली, आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. पण अर्ज फेटाळायचा हक्क कंपनीकडंच आहे.

महाराष्ट्राकडं तर सुरुवातीची पायरी तयार आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी म्हणून सुरू झालेली महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही खुली आहे, पाच लाखांपर्यंत. तिच्यातल्या उपचारांची यादी हाच मूलभूत विमा धरावा. मेडिक्लेम विकायचा परवाना हवा त्या कंपनीनं तो मागेल त्याला विकावा आणि प्रत्येक ग्रुप पॉलिसीच्या हप्त्यातला ठरलेला हिस्सा सामायिक निधीत टाकावा. ही सक्ती केंद्रीय विमा नियामकाकडूनच यावी लागेल, म्हणून राज्यानं ती मागणी लावून धरावी. रोजच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्याही यादीत हव्यात. खिसा महिन्याला रिकामा होतो तो त्यांच्यापायी.

राहता राहिली रुग्णालयं. योजनेत यायचं की नाही, हे खाजगी रुग्णालय स्वतः ठरवतं. दर परवडत नाहीत, बिलं रखडतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. म्हणून दर खर्च मोजून ठरवा आणि बिलाला मुदत घाला. मुदत चुकली तर सरकारनं व्याज द्यावं. एवढं केल्यावर मोठ्या रुग्णालयांना योजना सक्तीची करायला कोणाची हरकत उरू नये.