बाटलीतलं तीर्थ

पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या इंजिन-क्लीनरच्या त्या चिमुकल्या बाटलीचा जाहीर सत्कार व्हायला हवा. पंपावरचा मुलगा ‘साहेब, इंजिन आतून चकाचक’ म्हणत झाकण फोडतो. आपली संमती बिलात दिसते. बाटलीवरच्या चित्रात व्हॉल्व्ह आधी काळाकुट्ट, मग चांदीसारखा. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते शिवतही नाही. तरी तिथली काजळी निघते म्हणतात! याच न्यायाने टाकीत चमचाभर शाम्पू ओतावा, गाडी बाहेरूनही धुऊन निघेल. टाकीच नसलेल्या इलेक्ट्रिकवाल्यांनी निदान आचमन तरी करावं. आणि एवढं करूनही व्हॉल्व्ह काळाच राहिला, तर मेकॅनिककडे जा. तो मॅनिफोल्ड खोलून त्या काजळीवर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारतो.