पाव्हने कोनाकडचे?

'हिटमॅन २' या व्हिडिओ गेममधल्या मुंबईच्या मोहिमेत ज्या तिघांचा काटा काढायचा असतो, त्यांतल्या एकाचं नाव वझीर काळे. टोपणनाव मेलस्ट्रॉम, धंदा समुद्रावरच्या चाचेगिरीचा, आणि मोहीम सुरू होते तेव्हा तो दिसतो कसा हेही कोणाला ठाऊक नसतं. २०१८ साली कोपनहेगनच्या आयओ इंटरॲक्टिव्ह कंपनीनं हे आडनाव कुठून उचललं ते तिचं तिला माहीत. आमच्या अकोटात मात्र चाचेगिरी बाजूला राहिली आणि मंडळींनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"काळे? कुठले काळे? अकोली जहागीरचे का अंजनगावचे?" आमच्या जिनिंगवाल्या मित्राचा प्रश्न.

"काकाजी, तो समुद्रावर राह्यते," पुतण्या म्हणाला.

"मंग आपल्याकडला नाही. आपल्याकडला काळे पूर्णेचा पूर पुलावरूनच पाह्यते."

हा पुतण्या बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करतो. म्हणजे घरात तसं सांगितलेलं आहे. त्याच्या माडीवरच्या खोलीत संध्याकाळी आम्ही तिघं जमतो: मी, जिनिंगवाला आणि एक निवृत्त बँकवाले. खेळतो एकटा पुतण्या, सल्ले तिघांचे. नायक एजंट ४७. ताडमाड उंच, टक्कल, डोक्याच्या मागच्या बाजूला बारकोड. गोळीबार करत सुटायचं हा या खेळात अडाणीपणा समजतात. कोणाचे तरी कपडे चढवायचे, त्याच्या कामाला लागल्यासारखं करायचं, ज्याला मारायचं त्यालाच मारायचं आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत निघून जायचं. मुंबईत रंगन नावाचा सिनेनिर्माता आहे. शूटिंगसाठी आणलेला भलामोठा पंखा सुरू केला की तो अर्धवट बांधलेल्या टॉवरवरून उडून खाली जातो आणि सगळे त्याला अपघात समजतात. हे पाहिल्यापासून बँकवाले घरातल्या कूलरसमोर बसत नाहीत.

पण खेळापेक्षा आम्हाला गोडी लागली ती खेळात पुढे काय येणार याच्या अंदाजांची. खेळ विकून झाल्यावर कंपनी त्याला नवी गावं, नव्या मोहिमा जोडत जाते. हे डीएलसी प्रकरण. ते कधी येणार, कुठलं येणार यावर जगभरचे चाहते डोकं शिणवतात. अकोटच्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही. २०२२ साली कापसानं क्विंटलला दहा हजार ओलांडले, आणि पुढच्या हंगामात आमचा अर्धा तालुका कापूस घरात रचून त्याच भावाची वाट पाहत बसला. पलंग कापसात गेले, अंगाला खाज सुटली, भाव काही आला नाही. तरी चौकात रोज कोणीतरी आतली खबर घेऊन यायचाच. तेवढी साधना गाठीशी असल्यावर कोपनहेगनचं काय घेऊन बसलात!

'हिटमॅन २'च्या वेळी कंपनीनं आणखी दोन जागा देऊ म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. मुंबई झाली, आता नागपूर, असा आमचा साधा हिशोब. जून २०१९ मध्ये निघाली न्यूयॉर्कची बँक आणि सप्टेंबरात मालदीवमधलं एक बेट. बेटाकडे आम्ही फारसं पाहिलं नाही, पण बँकेनं घरात वादळ उठवलं. तिथे ४७ नोकरीचा उमेदवार बनून आत शिरू शकतो आणि थेट तिथल्या मुख्य बाईंच्या केबिनमध्ये मुलाखतीला बसू शकतो. पुतण्यानं खेळ थांबवला. "ना पूर्वपरीक्षा, ना मुख्य, डायरेक्ट इंटरव्ह्यू!" बँकवाल्यांना वेगळीच खंत. इतका वेळ तो माणूस बँकेत हिंडतोय आणि त्याला एकदाही कोणी 'जेवणानंतर या' म्हटलं नाही, म्हणजे शाखा बनावट.

आमच्या अंदाजशास्त्राचा कळस झाला तो २०२२ मध्ये. नवा नकाशा येतोय, तूर्त त्याचं गुप्त नाव 'रॉकी', एवढंच कंपनीनं सांगितलं. एका शब्दावर माणसं काय काय बांधतात! पुतण्या म्हणाला, अमेरिकेतला रॉकी पर्वत. बँकवाल्यांना मुष्टियोद्ध्याचा सिनेमा आठवला, म्हणून फिलाडेल्फिया. जिनिंगवाल्याच्या मते रॉकी म्हणजे संजय दत्तचा १९८१चा पहिला सिनेमा, सबब पुन्हा मुंबईच. एप्रिलमध्ये 'केजीएफ'चा दुसरा भाग लागला आणि गल्लीतली समस्त पोरं कोलारच्या सोन्याच्या खाणींवर ठाम झाली. रॉकीभाई सोडून दुसरा रॉकी जगात असतो कुठे? मग २६ जुलैला ते आलं. अंदमानच्या समुद्रातलं ॲम्ब्रोस नावाचं बेट, तेही फुकट. तिथल्या सावजांपैकी चाच्यांची म्होरकी जी बाई, तिला अक्का म्हणतात. चौघांचेही अंदाज साफ पडले होते. पण 'अंदमान म्हनजे आपलंच न बे' एवढ्या आधारावर प्रत्येकानं स्वतःला निम्मे गुण दिले.

याखेरीज येतात ते पाहुणे. थोड्या दिवसांसाठी एखादं बडं सावज येतं. संधी एकच, हुकली की हुकली. २०१८ मध्ये पडद्यावर मरण्यात हयात गेलेला शॉन बीन आला होता, आणि त्याला नाव दिलं होतं 'न मरणारा'. २०२४ मध्ये कॉनर मॅकग्रेगर आला, २०२५ मध्ये 'कसिनो रोयाल'मधल्या ल शिफ्रच्या रूपात मॅड्स मिकेलसन. नवं गाव मात्र नाही. कंपनीनं २०२० मध्ये जेम्स बॉण्डच्या खेळाची घोषणा केली आणि तेव्हापासून तिचा जीव तिकडे गुंतला. तेव्हा आम्ही ठरवलं, वाट कशाला पाहायची? अकोटचं डीएलसी आपणच रचू.

पहिला ठराव नरनाळा किल्ल्याचा. १४८७चा महाकाली दरवाजा आहे, नौगजी तोफ आहे, पायथ्याला शहानूर. दहा मिनिटांत ठराव बारगळला, कारण किल्ला मेळघाटच्या जंगलात, आणि वनरक्षकाचा गणवेश घातला तरी वाघाला तो दिसायचा नाही.

दुसरा ठराव जिनिंगचा. गंजीएवढे कापसाचे ढीग, वरून उडी मारली तरी इजा नाही, आणि मुडदा रुईत दाबून गाठ बांधली की माल ट्रकमध्ये. जिनिंगवाला उखडला. "माह्या जिनमधी मुडदा? अबे, ग्रेडर अगुदरच कचरा जास्त म्हनून भाव पाडते!" पणजकडच्या केळ्यांना मात्र त्यानं संमती दिली. खेळात केळं टाकून माणसं पाडतातच, मग निदान माल तरी इथला असावा.

खरी अडचण पुढेच होती. या खेळात बहुतेक लोक वेश पाहून फसतात. काहींच्या डोक्यावर तेवढा पांढरा टिपका असतो. ते मुकादम, साहेब वगैरे, आपली माणसं ओळखणारे. त्यांच्यापासून लांब राहायचं. आता अकोटात हा टिपका नसलेला माणूस दाखवा. ४७ बसस्टँडवर उतरला की टपरीवाला विचारणार, "पाव्हने कोनाकडचे?" तो गप्प राहिला तर विचारणाऱ्यांचे दोनाचे चार होणार. समजा, त्यानं एका हमालाला बेशुद्ध करून त्याचे कपडे चढवले आणि मार्केट यार्डात शिरला. चेहऱ्याकडे कोणी पाहणारच नाही. शर्टाकडे पाहील.

"हा शर्ट तं गण्याचा होय."

"कायवरून?"

"खिशाजोळ जयेल हाय पाह्य. पोरगी पाह्याले गेलता तवा बिडी खिशातच इझोली त्यानं. गण्या कुठी हाय बे? आन् हा कोन?"

खेळ खलास. मुंबईच्या वस्तीत सहा फुटी टकला गोरा धोब्याच्या वेशात बिनदिक्कत हिंडतो, आणि अकोटात त्याला एक बिडीचं भोक नडतं.

पुतण्या दोन दिवस घुम्यासारखा बसला. मग त्यालाच सुचलं: लग्न. वऱ्हाडात अनोळखी माणूस खपून जातो अशी ही एकच जागा. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, आणि विचारलं तर अपमान होईल म्हणून दोन्हीकडचे त्याला आग्रहानं वाढतात. नेहमीचा काळा सूट, लाल टायही चालेल. मे महिन्यात भर दुपारी अकोटात सूट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो नाही तर नवरदेवाचा भाऊ. ४७ला कानात सूचना देणारी डायना बर्नवूड आहे. इथे तो आवाज भारत गणेशपुरेंचा हवा, यावर एकमत झालं. "पाह्य भाऊ, थो लाल फेटेवाला दिसते न, थो नाही. त्याच्या बाजूचा. घाई नोको करू, पह्यले पंगत बसू दे."

पंगतीत वांग्याच्या भाजीची बादली हातात आली की सावजाच्या पानापर्यंत जायला परवानगी लागत नाही. एवढं जमलं होतं. तेवढ्यात जिनिंगवाल्यानं शंका काढली की मंडपात नवरीची मावशी असेल. तिच्या डोक्यावर टिपका नाही, हॅलोजन असतो. सुटातला धडधाकट, एकटा, कमी बोलणारा माणूस तिच्या नजरेतून सुटेल?

"लगन झालं का तुमचं?" ४७ गप्प.

"लाजते. कामाले कुठी हाय?" गप्प.

"सरकारी हाय का प्रायव्हेट? वावर किती हाय?"

बँकवाल्यांनी ४७ची बाजू घेतली. फिरतीची नोकरी, परदेश दौरे, निर्व्यसनी. टक्कल आहे, पण बिजवर म्हणून सहज खपेल. जिनिंगवाला म्हणाला, बारकोडवर केस वाढव म्हणावं. अर्धा तास ही बोलणी चालली. सावज तोवर मठ्ठा पिऊन, हात धुऊन, पान खाऊन घरी निघून गेलं असतं. पुतण्यानं आम्हाला ओढून पुन्हा कामावर आणलं.

काम झालं असं धरून चालू. शेवटी प्रश्न उरला बाहेर पडण्याचा, कारण मोहीम संपवायला ४७ला ठरलेल्या एखाद्या वाटेनं निघून जावं लागतं. अकोल्याकडे जाणं धोक्याचं. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत दोन तरी वऱ्हाडी ओळखीचे निघणार. उत्तरेला खंडव्याकडे निसटावं. जुनी मीटरगेज होती तेव्हा अकोटहून मेळघाटातून गाडी जायची, धुळघाटाजवळ रूळ गोल वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडायचे. पसार व्हायला त्याहून झकास जागा कोपनहेगनलाही सुचली नसती. २०१७ मध्ये गेज बदलण्यासाठी ती बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत मोठी लाइन होऊन २०२२ मध्ये गाडी आली, आणि पुढे वाघ आडवा आला. व्याघ्र प्रकल्पातून रूळ नकोत, बाहेरून हिवरखेड, सोनाळा, जामोद असे न्या, असं ठरलं. ती गाडी कधी सुटेल यावर आमच्या चौकात रॉकीपेक्षा जास्त अंदाज झालेले आहेत.

म्हणजे ४७ अकोटच्या फलाटावर, हातात ब्रीफकेस, आणि खंडव्याकडे लाइन नाही.

"थो रस्ता लॉक हाय काकाजी," पुतण्या म्हणाला. "पुढच्या डीएलसीत उघडीन."

"कवा?"

"थे नाही सांगतलं त्यायनं."

जिनिंगवाला उठून चप्पल शोधायला लागला. "मंग तवरक त्याले घरी जेवाले बलाव. उपाशी बसला असन थो."