पुंगळ्यांची सेवा

आमचे भावोजी टेक्सासात राहतात आणि कागदावरच्या वर्तुळांची शिकार करतात. एखाद्या रविवारी रेंजवर जाऊन घटकाभरात काडतुसं संपवतात आणि पुढचे कित्येक रविवार वेचून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्यांची सेवा करतात. बंदूक हे पुंगळ्या मळवण्याचं निमित्त असावं, असा मला दाट संशय आहे.

आधी आंघोळ. अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्यात पुंगळ्या तासन्‌तास घुसळायच्या. ते यंत्र गॅरेजमध्ये असं खडखडतं, की ताई टीव्ही लावतच नाही. मग लोकरीतलं लॅनोलिन चोळून एकेक पुंगळी डायमध्ये दाबून बारीक करायची. लॅनोलिन कमी पडलं तर ती आतच रुतून बसते. जास्त झालं तर खांद्याला पोचा. बारीक झालेली पुंगळी वर लांबही होते, म्हणून कापायची. .308 विंचेस्टरची कमाल लांबी 2.015 इंच, भावोजी कापतात 2.005 ला. इंचाच्या शंभराव्या हिश्श्यासाठी जीव टाकणाऱ्या या माणसाने घरचे पडदे नुसत्या नजरेने मापले होते. ते जमिनीपासून वीतभर वर लोंबतात.

यंदा आई तिकडे गेली. माहेर कसब्यातल्या तांबट आळीतलं, त्यामुळे पितळ पाहून तिचे हात शिवशिवले. "चिंच लावा की!"

"चिंच चालेल, आई. अमोनिया असलेलं पॉलिश तेवढं नको," भावोजी घाईघाईने म्हणाले. इंग्रज अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया ताणलेल्या पितळाला फोडतो, हे 1921 साली नीट उलगडलं. हा इतिहास भावोजी जेवतानाही सांगतात.

नंतर ते पुंगळ्यांचे गळे बर्नरवर धरू लागले. वारंवार ताणून-आवळून पितळ कडक होतं आणि गळा चिरतो; तापवलं की मऊ पडतं. बूड मात्र तापू द्यायचं नाही, ते मऊ पडलं तर बंदूक उडवणाऱ्याच्याच जिवावर बेतायचं.

"आमच्या तांबट आळीत हेच करतात," आई खूश झाली. "ठोकायचं, तापवायचं, परत ठोकायचं. आणि ह्या तयार झाल्या की?"

"भरायच्या आणि उडवायच्या."

"मग?"

"मग रिकाम्या वेचून आणायच्या."

आईने ताईकडे पाहिलं. "तांबटाकडे शेवटी हंडा तरी होतो गं."